फिरत्या पिंजऱ्यातील गुरुत्वाकर्षण

जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मूग आणि मेथीला मोड आणले, तेव्हा देशभर कौतुक झाले. ते रास्तच होते. मात्र अशा प्रत्येक प्रयोगानंतर जीवशास्त्रज्ञांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. अवकाशात गेलेल्या बियांत, पेशींत किंवा प्राण्यांत काही वेगळे आढळले, तर त्याचे कारण भारहीनता मानायचे, की अग्निबाणाचे हादरे, वैश्विक किरण आणि स्थानकातील कोंडलेली हवा? तुलनेसाठी पृथ्वीवर ठेवलेला नमुना येथे पुरेसा ठरत नाही. त्याने ना उड्डाण अनुभवलेले असते, ना ते किरण.

यावरचा उपाय तत्त्वतः साधा आहे. तुलनेचा नमुनाही अवकाशातच न्यायचा, पण तो फिरवत ठेवायचा. पाण्याने भरलेली बादली वेगाने गरागरा फिरविली तर ती उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. सेंट्रिफ्यूज याच तत्त्वावर चालतो. १५ सेंटिमीटर त्रिज्येची चकती मिनिटाला सुमारे ७७ फेरे घेऊ लागली, की तिच्या कडेवरील पेशींना पृथ्वीवरच्याइतकाच भार जाणवतो. बाकी सारी परिस्थिती सारखी, फरक फक्त भाराचा.

संशय फिटला

सोव्हिएत संघाने १९७७ मध्ये ‘कॉसमॉस-९३६’ या उपग्रहातून उंदीर पाठविले आणि त्यांपैकी काहींना सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवले. पेशींच्या बाबतीतला धडा मात्र झुरिचच्या ऑगुस्टो कोगोली यांच्या प्रयोगांनी दिला. १९८३ मध्ये ‘स्पेसलॅब-१’ मोहिमेत मानवी रक्तातील लिम्फोसाइट या संरक्षक पेशींना चेतविणारे द्रव्य देण्यात आले. पण त्यांनी जवळजवळ प्रतिसादच दिला नाही. दोष भारहीनतेचा की प्रवासाचा? १९८५ च्या ‘डी-१’ मोहिमेत याच पेशींचा एक संच फिरता ठेवण्यात आला आणि तो चेतला. संशय फिटला. सेंट्रिफ्यूज नसता तर हा वाद आणखी कित्येक वर्षे रेंगाळला असता.

रद्द झालेले दालन

एवढे महत्त्व पटूनही पुढचे पाऊल अडखळले. अवकाश स्थानकासाठी अडीच मीटर व्यासाच्या सेंट्रिफ्यूजचे स्वतंत्र दालन जपान बांधत होता. पृथ्वीच्या एक शतांशापासून दुपटीपर्यंत हवे तेवढे गुरुत्व त्यात निर्माण करता येणार होते. ‘कोलंबिया’ दुर्घटनेनंतर शटलच्या फेऱ्या घटल्या, खर्च वाढला आणि २००५ मध्ये हा प्रकल्प रद्द झाला. त्या दालनाचा सांगाडा जपानमधील त्सुकुबा अवकाश केंद्रात उभा आहे.

त्याच जपानने पुढे लहान यंत्रावर मोठे काम केले. २०१६ मध्ये १२ उंदीर ३५ दिवस स्थानकात राहिले. त्यांपैकी सहा भारहीन अवस्थेत होते, तर सहा फिरत्या पिंजऱ्यांत. भारहीन उंदरांची हाडे व स्नायू झिजले. फिरत्या पिंजऱ्यांतील उंदरांची ही झीज टळली. २०१९ मध्ये चंद्रावरच्याइतके, म्हणजे एक षष्ठांश गुरुत्व देऊन पाहिले. पोटरीच्या स्नायूची झीज थांबली. पण त्यातील तंतूंचा प्रकार बदलणे मात्र थांबले नाही. म्हणजे चंद्राचे गुरुत्व काही बाबतींत पुरते, काही बाबतींत नाही.

लहान यंत्राला मर्यादाही आहेत. त्रिज्या कमी असल्याने प्राण्याच्या पायांपेक्षा डोक्याला कमी भार जाणवतो. शिवाय हालचाल करताना तोल ढळतो.

प्रश्न मुक्कामाचा

हा केवळ प्रयोगशाळेतला काथ्याकूट नव्हे. भारहीन अवस्थेत अंतराळवीराच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते. अपोलो मोहिमांतील माणसे चंद्रावर जास्तीत जास्त तीन दिवस राहिली. आता तेथे दीर्घ मुक्कामाच्या योजना आखल्या जात आहेत. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. तेवढे माणसाला पुरेल काय, हे माणूस पाठवून पाहण्याऐवजी आधी उंदीर फिरवून पाहणे शहाणपणाचे. सध्याच्या अवकाश स्थानकाचे आयुष्य सरत आले आहे आणि भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे ठरविले आहे. त्याच्या आराखड्यात सेंट्रिफ्यूजला पहिल्यापासून जागा हवी. नंतर सवडीने बसवू म्हटलेल्या यंत्राचे काय होते, हे त्सुकुबात उभा असलेला सांगाडा सांगतोच आहे.