काळा कोट चढवण्याआधी

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारी विलायतेहून पाहुणे आले होते. त्यांची मुलगी सतरा वर्षांची. आपल्याकडच्या अकरावी-बारावीला तिकडे सिक्स्थ फॉर्म म्हणतात, त्यात ती शिकते. पुढे वकिली करायची, तर ते काम असते तरी कसे हे आधीच पाहून घ्यावे, असा तिकडच्या शाळांचा आग्रह असतो. म्हणून ही पोर आठवडाभर एका सॉलिसिटरच्या ऑफिसात बसली, कोर्टात मागच्या बाकावरून खटला ऐकून आली आणि आपल्या भागाच्या खासदारांच्या कचेरीत लोकांची पत्रे लावायलाही गेली. आमची बारावी कला शाखेची एक विद्यार्थिनी हे सगळे कान देऊन ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने आम्हांला गाठले.

"सर, आपल्याकडे असं कुठं जाता येतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. वीस वर्षे शिकवतो आहोत, पण डी.एड., नर्सिंग, आयटीआय यांपलीकडे कोणी विचारले की आम्ही 'बघू या' म्हणतो, आणि ते बघणे राहून जाते. या वेळी मुलगी ऐकेना. तिचे अब्बा कुवेतला असतात. त्याच रात्री त्यांचाही फोन आला.

"सर, सलाम. ती कोर्टात जायचं म्हणते. आमच्या घरात कोर्टाचं नाव काढत नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हांला?"

ठाऊक होते. तिच्या दादाजींचा जमिनीचा दावा एकोणीस वर्षे चालला. निकाल लागला तेव्हा दादाजी नव्हते आणि ज्या आंब्याच्या झाडांवरून वाद होता त्यांतली दोन पडून गेली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण त्या घराने पैसे मोजून घेतली आहे. आम्ही एवढेच म्हणालो, "भाई, वकील व्हायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी एकदा बघून तर येऊ दे. पाच वर्षांची फी भरल्यावर नको वाटलं तर काय करायचं?" फीचा मुद्दा त्यांना पटला.

आम्ही चौकशीला लागलो. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी बार कौन्सिलचा नियमच आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे त्यांनी वकिलाकडे, कोर्टात किंवा तशाच ठिकाणी काम शिकायचे असते. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी तसा काहीच नियम नाही. म्हणजे सक्ती नाही तशी मनाईही नाही. आणि मुख्य दार तर उघडेच आहे. आपल्याकडची न्यायालये खुली असतात, कोणीही जाऊन मागे बसावे. फौजदारी कोर्टाबाबत हे पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये होते, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे. बलात्काराचे, लहान मुलांवरील अत्याचाराचे खटले तेवढे बंद दाराआड चालतात. आम्ही चाळिशी ओलांडली तरी ही गोष्ट आम्हांला माहीत नव्हती, हे लिहायला लाज कशाची?

पहिली फेरी फुकट गेली. दिवाळीची सुट्टी लागली म्हणून चार मुलांना घेऊन आम्ही तालुक्याच्या कोर्टात पोहोचलो, तर कोर्टालाही दिवाळीची सुट्टी! आवारात एक टपरीवाला आणि दोन कुत्री. टपरीवाल्यानेच सांगितले की पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी या, त्या दिवशी कोर्ट चालू असते. मे महिन्यातही कोर्टाला मोठी सुट्टी असते, तेव्हा पालकांनी उन्हाळ्याचा बेत करू नये.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या शनिवारी गेलो. दोन मुली, दोन मुलगे आणि सोबतीला एका मुलीची अम्मी. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचे चार ओळींचे पत्र घेतले होते. ते लागत नाही, पण दारावरच्या पोलिसाने हटकले तर दाखवायला बरे. मोबाइल बंद करून पिशवीत. न्यायाधीश आले की उठायचे, आपसांत कुजबुजायचे नाही, पायावर पाय टाकून बसायचे नाही, एवढे आधीच बजावले होते. बाहेर फळ्यावर त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी लावलेली असते, तिला बोर्ड म्हणतात. शिपाई पुकारा करतो, पक्षकार धावत आत येतो, वकील दोन वाक्ये बोलतो, पुढची तारीख पडते. दीड तास हेच. सिनेमात पाहिलेले भाषण कोणी केले नाही. मुलगे कंटाळले, त्यांतला एक चक्क पेंगला.

बाराच्या पुढे बांधाच्या एका दाव्यात साक्षीदार पिंजऱ्यात आला आणि उलटतपास सुरू झाला. 'बांध कोणत्या दिशेला आहे?' 'तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होता?' 'तेव्हा भात कापले होते की उभे होते?' असे साधे साधे प्रश्न, सगळे मराठीत. आपल्या राज्यात खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. शेवटी साक्षीदाराने स्वतःच कबूल केले की तो त्या शेतात सात वर्षांत गेलेलाच नाही. आमच्या विद्यार्थिनीने सगळे प्रश्न वहीत उतरवले होते. परतताना एस.टी.त ती म्हणाली, "सर, वकीलसाहेब एकदाही ओरडले नाहीत." तिच्या मनातला वकील ओरडणारा होता. खरे सांगायचे तर आमच्याही.

त्याच आवारात तालुका विधी सेवा समितीची खोली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्यात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. आमच्या मोहल्ल्यात किती घरांना हे माहीत आहे? तिथल्या बाईंनी मुलांना लोकअदालतीच्या दिवशी यायला सांगितले. मुले दिवसभर बसली. चेक न वटल्याची प्रकरणे, बँकेची थकबाकी, अपघाताची नुकसानभरपाई, एकामागून एक तडजोडीने मिटत होती. तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, आणि कोर्टात भरलेली फीसुद्धा परत मिळते. पेंगणारा मुलगा त्या दिवशी जागा होता. त्याच्या मामूंचे बँकेचे प्रकरण असेच अडकले होते.

यानंतर एका वकील बाईंना विचारले. पत्र मुलीनेच लिहिले, अर्धे पान. मी कोण, काय शिकते, कोणत्या दहा दिवशी दुपारी येऊ शकते आणि मला फक्त बघायचे आहे, इतकेच. आम्ही आधी दुसऱ्या एका वकिलांकडे ओळखीने एक मुलगा पाठवला होता. त्यांनी त्याला तीन दिवस चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला ठेवले. ओळखीपेक्षा स्वतः लिहिलेले पत्र बरे, असे आमचे मत तेव्हापासून झाले आहे. बाईंनी हिला तारखांची डायरी दिली, फाइली तारखेप्रमाणे लावायला शिकवले, वकीलपत्र म्हणजे काय ते दाखवले. मोबाइलवर ई-कोर्ट्सवर प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख कळते, हे तिने घरी दादीला करून दाखवले. दादी म्हणाली, आमच्या वेळी एवढ्यासाठी एस.टी.ने जावं लागायचं.

पाचव्या दिवशी मात्र घात झाला. हिने वकील बाईंच्या टेबलाचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. टेबलावर फाइल होती, फाइलवर नवरा-बायकोची नावे होती. तासाभरात त्या बायकोच्या भावाचा बाईंना फोन आला आणि बाईंचा आम्हांला. स्टेटस लगेच काढले, पण पाहायचे त्यांनी पाहिले होते. मुलगी रडली. अम्मी म्हणाली, आता पुरे. आम्ही मुलीला आणि अम्मीला घेऊन बाईंकडे गेलो, तिने माफी मागितली. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "माझ्याकडे येणारी बाई मला जे सांगते ते ती स्वतःच्या आईलाही सांगत नाही. हे कळलं असेल तर उद्या ये." ती गेली. मुलाला कुठेही पाठवण्याआधी पालकांनी ही एक गोष्ट आधी सांगावी, आम्ही सांगितली नव्हती.

राजकारणाची आवड असलेला एक मुलगाही या चारांत होता. त्याला राजकारण म्हणजे वाढदिवसाचा बॅनर एवढेच माहीत. त्याला ग्रामसभेत नेऊन बसवले. मतदार नसल्याने हात वर करता येत नाही, पण ऐकता येते. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी ते लागतात. तेवढे आले नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते, म्हणून पुढच्या खेपेला मोजक्या माणसांत विकास आराखडा मंजूर झाला, आणि कब्रस्तानच्या रस्त्याचे नाव त्यात नव्हते. मुलगा संतापला. आम्ही त्याला माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसवले. एकच विषय, १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, सही त्याच्या अम्मीची. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. अठ्ठाविसाव्या दिवशी आले. रस्ता अजून झालेला नाही, पण आराखडा कसा वाचायचा हे त्याला आता सरपंचांच्या पुतण्यापेक्षा जास्त कळते. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जायचे त्याच्या डोक्यात आहे. प्रेक्षक गॅलरीच्या पाससाठी आमदारांना पत्र लिहिले आहे, बघू.

घरात इंग्रजीची धास्ती असते, म्हणून सांगून ठेवतो. राज्याची पाच वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट तेवढी इंग्रजीतच. खुल्या गटाला बारावीत ४५ टक्के लागतात. दादा-भाईंच्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास करू नये, १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले आहेत. चारसोबीस आता ३१८ झाले आहे, बोलण्यातून जायला मात्र वेळ लागेल. आणि 'मुलीच्या जातीला कोर्ट कशाला' म्हणणाऱ्यांसाठी, केरळच्या फातिमा बीवींनी १९५० साली सनद घेतली, १९५८ साली त्या मुन्सिफ झाल्या आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश.

आमच्या विद्यार्थिनीचे दहा दिवस संपले. शेवटच्या दिवशी तिने बाईंकडून सातबारा वाचायला शिकून घेतले आणि घरी येऊन स्वतःच्या घरचा काढला. रात्री कुवेतला फोन केला.

"अब्बा, सातबाऱ्यावर तुमचं आणि चाचांचं नाव आहे. फुफीचं का नाही?"

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही, असे ती सांगते. दादाजी गेल्यावर वारसनोंद घाईत झाली होती. फुफीने कधी मागितले नाही, कोणी विचारलेही नाही. शरीअतने बहिणीला वाटा दिला आहे हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. दुसऱ्या दिवशी अब्बांनी आम्हांला फोन केला. आम्हांला वाटले, आता रागावतील. ते म्हणाले, "सर, तिचा सीईटीचा फॉर्म भरून टाका. आणि तलाठ्याकडे काय काय कागद लागतात ते त्या वकील बाईंना विचाराल का? मार्चमध्ये मी सुट्टीवर येतोय."

फॉर्म भरला आहे. कागदांची यादी बाईंनी दिली, ती मुलीने स्वतःच्या अक्षरात उतरवून फुफीकडे नेऊन दिली. चाचांशी अजून कोणी बोललेले नाही.