परदादांची नोंद

जातीच्या दाखल्याच्या दिवसांत पालक शाळेचं जुनं रजिस्टर पाहायला येतात. त्यात नाव मिळालं नाही की विचारतात, ‘सर, जनगणनेत तरी सापडेल का?’

नाही सापडणार. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी घरोघर माणसं मोजली गेली, पण छापून उरले ते आकडे. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरच्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंडात शंभर वर्षांनी त्या खुल्या होतात. १९२१ च्या २०२२ मध्ये झाल्या. तिथल्या खाणकामगाराचा पणतू आजोबांच्या बापाचं घर, धंदा, पोरांची वयं घरबसल्या वाचतो. आपला हमाल परदादा मात्र शाळेत गेला नाही, म्हणून रजिस्टरात नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबाऱ्यावर नाही. कबर कच्ची होती. तीही दोनचार पावसाळ्यांत जमिनीला मिळाली.

अशा माणसाचा कागद बहुधा एकच असतो, जन्ममृत्यूचा. खेड्यात तो गाव नमुना नंबर १४ मध्ये, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. पानं मोडीत असली तर मोडीचा जाणकार गाठावा लागतो. परदादांचा जन्म मिळाला नाही तरी त्यांच्या मुलांचे जन्म पाहा, कारण तिथे बापाचं नाव असतं आणि नशीब असेल तर जातही. ‘बागवान’, ‘पिंजारी’ असा एक शब्द मिळाला की काम झालं. नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असेल तर घोडं अडतं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातला रहिवास दाखवावा लागतो आणि छप्परबंदांसारख्या विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. म्हणजे हा शोध हौसेचा नाही. पोरीच्या प्रवेशाचा आहे.

शहरात कब्रस्तानाचं दफन रजिस्टर पाहावं. कुठे ते नगरपालिकेकडे, कुठे ट्रस्टकडे, कधी उर्दूत आणि तारीख हिजरी. घरात सन कोणाला आठवत नाही, पण ‘साथीत गेले, मोहरमचे दिवस होते’ एवढं दादीला पक्कं माहीत असतं. तेवढं पुरतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची मोठी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात आली आणि त्या वर्षी मोहरम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागला. त्या महिन्याची पानं आधी उघडा. साथीतल्या नोंदी घाईघाईच्या असतात, तेव्हा सावकाश वाचा.

नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. शेख चाँद हाच कुठे चांदू, कुठे चांदभाई असतो. वल्दियत जुळते का ते पाहा. बायकांचं तर नावच नसतं पुष्कळदा. ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहिलेलं, आणि चाळीस वर्षं संसार केलेली बाई त्या दोन शब्दांत. तिला शोधायचं तर नवऱ्याच्या नावाखालीच शोधावं लागतं.

नोंद मिळाली की फोटोवर भागवू नका. पान क्रमांकासह सहीशिक्क्याची नक्कल मागा. आणि कब्रस्तानाचं रजिस्टर वाळवी लागलेल्या कपाटात असेल, तर मुतवल्लींना सांगून येत्या रविवारी दोन पोरं आणि एक मोबाइल घेऊन बसा. पानं अजून सुटी होतात, पण वाचता येतात.