ऋतूला पारखे ताट

अलीकडे आमच्या कोकणात खाद्यमहोत्सवांचे पीक फार जोमाने येऊ लागले आहे. मैदानावर मांडव पडतो, दिव्यांच्या माळा लागतात, कोणा मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली जाते, आणि दोन-तीन दिवस रत्नागिरीकर व मुंबई-पुण्याची मंडळी मिळून खाण्याचा मनमुराद आनंद लुटतात. या आनंदाशी आमचे वैर नाही. जो समाज चवीने जेवत नाही तो चवीने वाचीतही नसावा, अशीच आमची समजूत आहे. परंतु या मांडवांतून आणि मांडवाबाहेरच्या खाणावळींतून फिरताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि ती आल्यानंतर तेथला घास आम्हांस गोड लागेना. पुढ्यातील पदार्थ पाहून महिना कोणता चालला आहे हे सांगता येत नव्हते. मार्गशीर्षात आमरस, आषाढात सुरमई, आणि उकडीचे मोदक तर बारा महिने तेरा काळ!

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, रत्नागिरीच्या स्वयंपाकाचा खरा आचारी ऋतू हा होय. त्याला स्वयंपाकघराबाहेर घालवून जे ताट वाढले जाते, ते कितीही रुचकर असले तरी रत्नागिरीचे नव्हे.

हे नुसते भावनेचे बोलणे नाही. आमच्या घरांतील पदार्थ कसे निर्माण झाले हे पाहिले म्हणजे याची खात्री पटेल. वैशाखात रातांबे पिकतात. त्यांची साल काढावयाची, आतल्या रसात ती पुन्हा पुन्हा भिजवावयाची, मीठ लावून उन्हात वाळवावयाची. तेव्हा कोठे आमसूल तयार होते. हे सारे मृगाच्या सरी येण्याच्या आत उरकले पाहिजे, नाहीतर वर्षाच्या सोलकढीस मुकावे लागते. फणसाचेही तेच. काप्याचे गरे तसेच खावयाचे, बरक्याच्या रसाची सांदणे करावयाची, उरलेल्या रसाची पोळी वाळवावयाची, आणि आठळ्या पावसाळ्यासाठी राखावयाच्या. आगोटीची बेगमी म्हणतात ती हीच. सुके बांगडे, सोडे, कुळथाचे पीठ, सांडगे, आंबोशी यांनी भरलेली फडताळे म्हणजे पुढील चार महिने कोंडून घालणाऱ्या पावसाशी केलेला करारच होता. मग पाऊस आला की टाकळा, कुर्डू, भारंगी या रानातल्या भाज्या. नागपंचमीस हळदीच्या पानांतले पातोळे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे काही न खाण्याचा नेम पाळून केलेली भाजी. आणि नारळी पौर्णिमेस नारळ घातल्यावर पुन्हा दर्यावर जाणे. एकेका पदार्थामागे अशी एकेक तिथी उभी आहे. तिथी काढून घेतली की पदार्थ उरतो, पण त्याची वाट पाहणे उरत नाही. आणि वाट पाहणे हा चवीचा निम्मा मसाला आहे.

ही बारमाही हाव केवळ जिभेचे नुकसान करून थांबती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. तिचा भार बागेवर आणि समुद्रावर पडत आहे. मुंबईच्या बाजारात हापूसची पहिली पेटी कोणाची, तिला दर काय आला, याच्या बातम्या थंडी सरण्यापूर्वीच झळकू लागतात. जो आधी आणील तो अधिक मिळवील, असे ठरल्यावर बागाईतदाराने काय करावे? झाडाची वाढ रोखून त्याला मोहोराकडे वळविणारे पॅक्लोब्युट्राझोल मुळाशी ओतले जाते, आणि वाशीच्या पेठेचे पंचांग रत्नागिरीच्या कलमावर लादले जाते. दोष आम्ही बागाईतदारास देत नाही. कर्ज, फवारणी आणि अवकाळी पाऊस यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसास धीर धरावयास सांगणे सोपे आहे. दोष आहे तो संक्रांतीला आंबा मागणाऱ्या आमचा.

समुद्राची गोष्ट याहून स्पष्ट आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या नौका विसावलेल्या असतात, कारण तो काळ पुष्कळ माशांच्या विणीचा आहे आणि दर्याही खवळलेला असतो. असे असताना त्याच शहरातील खाणावळीत तळलेली सुरमई हवी तेवढी मिळते, आणि ही आली कोठून, किती दिवस बर्फात होती, हे एकही गिऱ्हाईक विचारीत नाही! २०२३ साली पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरविण्यात आले. मान चांगला आहे. पण तळहाताएवढी पिल्ले ताटात घेऊन त्या मानाचा गौरव कसा होणार?

येथे आमच्याही पदरचा एक अपराध सांगितला पाहिजे. गेल्या आषाढात आमच्या घरी मुंबईचे स्नेही सहकुटुंब आले. घरात टाकळ्याची भाजी, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी असा बेत ठरला होता. पाहुणे रत्नागिरीस आले आणि त्यांना हे वाढावयाचे, याची आम्हांस लाज वाटली. आम्ही बाजारातून डब्यातला आमरस आणविला, पनीरची भाजी करविली, आणि टाकळा झाकून ठेविला. मंडळी निघून गेल्यावर रात्री तो आम्ही खाल्ला. भाजी उत्तम झाली होती. ज्या गोष्टीची लाज वाटावयास हवी होती ती टाकळा नव्हे, हे तेव्हा आम्हांस कळले. पिकते तेथे विकत नाही असे म्हणतात; येथे तर पिकते तेथे वाढतही नाहीत, असा प्रकार झाला.

कोणी म्हणेल, ‘हे सोवळेपण आहे, स्वयंपाक हा सदा बदलतच आला आहे.’ बदलत आला आहे हे आम्हांस मान्य आहे. काजू आणि मिरची ही दोन्ही पोर्तुगीजांबरोबर सातासमुद्रापलीकडून आली, आणि आज ओल्या काजूच्या उसळीवाचून आमचा चैत्र सुना वाटतो. परंतु काजू येथे आला तो येथल्या उन्हापावसाच्या आज्ञेत राहिला, म्हणून तो आमचा झाला. परक्या पदार्थाचे आम्हांस भय नाही. महिना न जाणणाऱ्या पदार्थाचे आहे.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. महोत्सवामुळे चार बायकांच्या हातांस काम मिळते, ते का बुडवावे? बुडवू नये, वाढवावे. आणखी एक गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो: मांडवात कोणी कोणाची जात विचारीत नाही. ज्या शहरात १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, आणि सहभोजनास बसणे हे ज्या काळी मोठ्या धैर्याचे काम होते, त्या शहराने ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. पण मग पंगत खरोखरच सर्वांची करावी. आज पाटीवर सरसकट ‘मालवणी’ लिहिले जाते. मालवण ज्या सिंधुदुर्गात आहे तो जिल्हा १९८१ सालीच रत्नागिरीपासून वेगळा झाला. तरी रत्नागिरीस आपल्या नावाने जेवू घालण्याचा धीर होत नाही. खारव्यांचे कालवण, दालदी मुसलमानांच्या घरचे मासे, कुणब्यांची नाचणी आणि वरी, चित्पावनांची फणसाची भाजी आणि डाळिंब्या, यांस त्यांच्या त्यांच्या नावाने जागा का मिळू नये?

आमची सूचना अशी. महोत्सव वर्षातून एकदा भपक्याने भरविण्याऐवजी ऋतूगणिक लहान भरवावेत. कृषी खात्यातर्फे पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरू लागले आहेत. तो मार्ग योग्य आहे, कारण तेथे नुसती भाजी विकली जात नाही, ती ओळखणाऱ्या बाईच्या ज्ञानाचीही कदर होते. रानअळूची खाज आमसुलाने मारावी लागते, हे जिला ठाऊक आहे तिच्यामागून ते कोणास ठाऊक असेल, याची चिंता आज कोण करतो? खाणावळींनी दारावर महिन्याची यादी लावावी आणि नसलेल्या पदार्थापुढे ‘हंगाम नाही’ असे बिनदिक्कत लिहावे.

कोकमाला २०१६ साली आणि हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यायोगे कायदा आमच्या भूमीचे नाव राखील. भूमीच्या काळाचे रक्षण मात्र कोणताही कायदा करणार नाही. ते ज्याच्या त्याच्या ताटातच झाले पाहिजे. पुढील आषाढात आमचे तेच स्नेही पुन्हा येणार आहेत. या खेपेस टाकळा झाकून ठेवावयाचा नाही, एवढे आम्ही ठरविले आहे.