गावाला विचारून बांधलेले घर

शहरात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मनात एक गाव सदैव वसत असते. कौलारू घर, शेणाने सारवलेले अंगण, परसातला शेवगा आणि समोर पसरलेली भाताची खाचरे हे चित्र निवृत्तीचे दिवस जवळ येऊ लागले, की अधिकच स्पष्ट दिसू लागते. असे स्वप्न पाहण्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या गावात आपण हे घर शोधतो, त्या गावाचेही काही म्हणणे असू शकते, याचा विचार फार थोडे लोक करतात.

रायपुरातील मराठी समाज जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली, तेव्हापासून मराठी कुटुंबे येथे येत गेली. पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने त्यांत भर पडली. माझ्या परिचयाचे एक जोडपे अशाच कुटुंबांपैकी. तो बँकेतून निवृत्त झालेला, ती शाळेतून. दोघेही रायपुरात वाढलेले, छत्तीसगढी सहज बोलणारे. आरंग, अभनपूर, खरोरा अशा दिशांना ती दोघे दोन वर्षे घरासाठी जागा पाहत फिरली.

हा शोध सोपा नव्हता. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. पुढे जुन्या शहराच्या आग्नेयेस नवा रायपूर उभे राहू लागले. भातशेतीच्या जमिनीला कधी नव्हे एवढी किंमत आली. ज्या शेतात पूर्वी धान डोलत असे, तेथे आता कुंपण घातलेल्या वसाहतींच्या पाट्या दिसतात. जमीन विकणाऱ्याच्या हाती एकदाच पैसा येतो. मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपजीविकेचा आधार कायमचा जातो. विकत घेणाऱ्याने निदान एवढी जाणीव ठेवायला हवी.

अखेर एका गावातील तळ्याकाठची जागा दोघांनाही पसंत पडली. मध्यस्थाने सल्ला दिला, की आधी चारही बाजूंनी उंच भिंत घालून घ्या. जागेच्या कडेने तळ्याकडे जाणारी पायवाट होती. ती भिंतीमुळे बंद झाली असती. तेथे उभ्या असलेल्या एका वृद्धेने रागावून नव्हे, तर सहज विचारले, “छेरछेऱ्याला आमची पोरे आली, तर फाटक उघडाल ना?”

छेरछेरा हा छत्तीसगडातील मोठा लोकोत्सव. पौष पौर्णिमेला, नवे धान घरात आल्यावर, लहानथोर दारोदार जाऊन धान मागतात. त्या दिवशी मागण्यात लाज नसते आणि देण्यात उपकार नसतो. म्हातारीच्या प्रश्नाचा अर्थ उघड होता : तुम्ही आमच्या गावात राहणार आहात, की केवळ आमच्या तळ्याकडे पाहत बसणार आहात?

त्या प्रश्नावरून पतिपत्नींमध्ये बरेच दिवस वाद झाला. उतारवयात सुरक्षितता हवी, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. भिंतीआडच राहायचे असेल तर शहर काय वाईट, हे तिचे म्हणणेही खोटे नव्हते. शेवटी त्यांनी ती जागा सोडली आणि वस्तीतच एक जुने मातीचे घर घेऊन दुरुस्त केले. तेथून तळे दिसत नाही. दोन्ही बाजूंना शेजार मात्र आहे. आपला पोळा तेथे ‘पोरा’ म्हणून साजरा होतो, तेव्हा मातीचे बैल घेऊन मुले त्यांच्या अंगणात येतात.

खेड्यात राहण्याचा विचार गंभीरपणे करणारी माणसे महाराष्ट्रातही झाली. दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी हे दांपत्य दापोली तालुक्यातील कुडावळे या गावी जाऊन राहिले. त्यांनी गाव निवडले ते विसाव्यासाठी नव्हे, तर कमीत कमी गरजांमध्ये पर्यावरणस्नेही जीवन जगण्यासाठी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. शोधग्राम येथे रुग्णालय उभारण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले, की तुम्हांला ते कसे हवे? त्यातून झोपड्यांसारखे, नातलगांना रुग्णाजवळ राहता येईल असे रुग्णालय उभे राहिले. त्याला नाव मिळाले ते आदिवासींच्या श्रद्धेतील माँ दंतेश्वरीचे. या देवीचे प्रसिद्ध मंदिर छत्तीसगडातील दंतेवाड्यात आहे. रुग्णालयाबाबत जे खरे, ते घराबाबतही खरे आहे. गावाला विचारून बांधलेली वास्तू गावाला परकी वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल, की स्वकष्टाच्या पैशाने कायदेशीर रीतीने जागा घेतल्यावर गावाला विचारण्याचे कारण काय? कायद्याने जागेची मालकी मिळते, हे खरेच. पटवाऱ्याच्या कागदावर नाव चढते, शेतजमिनीचे व्यपवर्तन होते, घर उभे राहते. परंतु रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले, की हाकेला धावून येणारा माणूस कोणत्याही दस्तऐवजाने मिळत नाही. सुरक्षिततेसाठी घातलेली भिंत चोराला कदाचित अडवेल. शेजाऱ्याला मात्र ती नक्कीच अडवते.

म्हणून खेड्यात घर शोधणाऱ्याने जागेचा नकाशा पाहण्यापूर्वी काही साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. येथील पाणी कोणाच्या वाट्याचे आहे? आपल्या कुंपणाने कोणाची वाट बंद होणार आहे? गावाच्या सुखदुःखात आपण काय देणार आहोत? या प्रश्नांची उत्तरे ज्याला प्रामाणिकपणे देता येतील, त्याला स्वप्नातले घर कदाचित थोडे लहान मिळेल; पण त्या घराभोवती गाव असेल.