खरेच नुसते पाणी?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला तिथले जुने लोक आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. तिथले शास्त्रज्ञ जी. जगदीश आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये एका छोट्या शॉक ट्यूबची माहिती प्रसिद्ध केली. विजेने पाण्याचे विघटन करायचे, निघालेला हायड्रोजन व ऑक्सिजन तसाच नळीत भरायचा आणि पेटवायचा!

शेगडीवरची निळी ज्योत गॅसमधून सावकाश सरकते. इथे मात्र ज्वलन धक्कालहरीच्या पाठोपाठ धावते. यालाच डिटोनेशन म्हणतात. या मिश्रणात त्याचा वेग सेकंदाला सुमारे पावणेतीन किलोमीटर. (बंगळुरूच्या रहदारीत तेवढ्याला अर्धा तासही लागू शकतो, ते सोडा.) मागे उरते ती पाण्याची वाफ.

म्हणूनच ‘हायड्रोजनच्या इंजिनातून फक्त पाणी निघते’ असे सर्रास ऐकू येते. गफलत होते ती इथेच. त्या नळीत भरतात तो शुद्ध ऑक्सिजन. विमानाच्या इंजिनाला मात्र तो हवेतून घ्यावा लागतो आणि हवेत ७८ टक्के नायट्रोजन. एरवी हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हायड्रोजन आणि हवेच्या डिटोनेशनमध्ये तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसवर जाऊ शकते. तेवढ्या आचेत तोही ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. दमेकऱ्यांना छळणारी, उन्हात ओझोनला आणि पावसात आम्लाला कारण होणारी ती हीच.

गंमत म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने मांडल्या. डिटोनेशनमुळे तेवढ्याच इंधनातून जास्त काम मिळू शकते, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी १९४० मध्ये दाखवले. ही ऑक्साइडे कोणत्या क्रियांनी बनतात, ते १९४६ मध्ये सांगणारेही तेच. त्या क्रिया तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात, पण त्यांना थोडा वेळ लागतो.

सारी आशा आहे ती त्या वेळेवर. डिटोनेशननंतर जळालेला वायू लगेच प्रसरण पावून निवू लागतो. हायड्रोजन कमी आणि हवा जास्त ठेवली, तर आच आणखी उतरते. फार विरळ केले, तर मात्र डिटोनेशनच टिकत नाही.

जपानने जुलै २०२१ मध्ये डिटोनेशनचे इंजिन अवकाशात चालवून पाहिले. त्यात मिथेन आणि ऑक्सिजन होते, हवा नव्हतीच. आपल्या डोक्यावरून उडणाऱ्या इंजिनाची परीक्षा निराळी आहे. त्याच्या झोतात पाण्याबरोबर आणखी काय बाहेर पडते, ते मोजूनच दाखवावे लागेल.