संगणकाशी गट्टी : नवा आला, तरी जुनाच का?

दोस्तांनो, आज एक कोडं घ्या. 'जीसीसी' या प्रसिद्ध कम्पायलरची १५ वी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. 'डेबियन' या सर्वांना खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची १३ वी आवृत्ती त्यानंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. पण तिच्यातला मुख्य कम्पायलर होता १४ वा! असं का बरं?

आधी कम्पायलर म्हणजे काय, ते पाहू. 'सी'सारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला थेट कळत नाही. कम्पायलर हा त्यांच्यामधला दुभाष्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी सर्वांसाठी खुला केला. डेबियनमध्ये त्याच्या अनेक आवृत्त्या शेजारीशेजारी नांदू शकतात. पण नुसती 'जीसीसी' अशी हाक मारली, तर ओ कुणी द्यायची? हे ठरवावंच लागतं. जी ओ देते, ती 'डिफॉल्ट' आवृत्ती.

ही निवड सोपी नाही बरं का! नवा दुभाष्या बहुधा जास्त कडक असतो. 'सी'मध्ये फंक्शन वापरण्याआधी त्याची ओळख करून द्यायची असते. ती दिली नाही, तर जुना जीसीसी नुसती कुरकुर करी आणि 'उत्तर साधी पूर्ण संख्याच असेल' असं धरून पुढे जाई. पण ते उत्तर म्हणजे मेमरीतला ६४ बिटांचा पत्ता असला तर? निम्मा पत्ता गळायचा आणि प्रोग्रॅम कोसळायचा! २०२४ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीने मात्र ठणकावलं, "ही चूक आहे. आधी सुधारा!"

झालं! वर्षानुवर्षं चाललेले कितीतरी जुने प्रोग्रॅम अडकले. ते एकेक करून दुरुस्त करावे लागले. डेबियन १३ मध्ये पॅकेजेस आहेत ६९ हजारांहून जास्त! म्हणून मार्च २०२५ मध्येच कम्पायलर बदलणं थांबवलं गेलं. १५ वी आवृत्ती आली ती त्यानंतर. सुटलं ना कोडं?

घाई केली तर काय होतं, तेही ऐका. २००० साली 'रेड हॅट लिनक्स ७'ने जीसीसी २.९६ घेतला. 'सी++'साठी जुना २.९५ त्यांना अपुरा वाटत होता. पण २.९६ ही अधिकृत आवृत्तीच नव्हती; काम अजून चालू होतं! त्याने बनवलेले 'सी++'चे तुकडे ना २.९५ शी जुळत, ना पुढे येणाऱ्या ३.० शी. लिनक्सचा गाभा कम्पाइल करायला तर 'केजीसीसी' नावाचा वेगळा, जुना कम्पायलर सोबत द्यावा लागला. शेवटी जीसीसीच्या मंडळींनी जाहीर केलं, "ही आमची आवृत्ती नव्हे."

म्हणजे प्रश्न 'सगळ्यात नवं कोणतं?' एवढाच नसतो. 'सगळ्यांना सोबत घेऊन चालेल असं कोणतं?' हाही असतो.

आता तुमची पाळी! जीसीसी असलेला लिनक्स संगणक मिळाला, तर टर्मिनल उघडा. इंग्रजी लहान लिपीत 'जीसीसी', मग एक मोकळी जागा, जोडून दोन आडव्या रेघा आणि लगेच 'व्हर्जन' असं टाइप करा. बघा, तुमच्या हाकेला कोण ओ देतं ते!