धोबीतलावचा आवाज

'मुंबईतले रॉक बँड म्हणजे साहेबाची नक्कल. वर कानठळ्या बसवणारा गोंगाट. आणि ऐकायचंच असेल तर मोबाईल आहे की!' परवा एका बैठकीत एका सुशिक्षित गृहस्थांनी तीन वाक्यांत आमचं तारुण्य निकालात काढलं. तिथं संतापानं मला बोलताच आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

नकलेचं आधी. संगीत नाटकातली पायपेटी आणि व्हायोलिन विलायतेचीच, आणि त्यांच्याच साथीनं नाट्यपदं घरोघरी पोचली. आज 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचाच बँड गिटार-ड्रम्सवर संतांचे अभंग गातो. एवढं पुरे.

गोंगाटाचा आक्षेप मात्र मला सोसवत नाही. याच एका शब्दापायी आमचं रंगभवन गेलं. धोबीतलावचं ते उघडं नाट्यगृह. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा रॉक महोत्सव तिथं भरायचा. ऑगस्टचा पाऊस, काळे टी-शर्ट, समोर आपल्याच शहरातली पोरं. शेजारी रुग्णालयं आणि महाविद्यालय, त्यामुळे ते शांतता क्षेत्रात आलं: १०० मीटरच्या आत दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. रुग्णाला झोप हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. माझे वडील तीन आठवडे रुग्णालयात होते, खिडकीखालचा प्रत्येक हॉर्न मी मोजला आहे. पण मोजपट्टी सगळ्यांना एकच लावा! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वर्षातले १५ दिवस दहाऐवजी बारापर्यंत ध्वनिवर्धकाची सवलत देता येते, आणि त्यात धार्मिक उत्सवांबरोबर सांस्कृतिक प्रसंगांचाही स्पष्ट उल्लेख आहे. गणपती-नवरात्रीला ती मिळते, मिळावीच. गिटारवाल्या पोरांसाठी त्यातला एक दिवस कुणी मागितला तर तो गोंगाट कसा ठरतो? आमच्या शाळेच्या गॅदरिंगलाही हाच वाद झाला होता. लेझीमच्या ढोलाला मुभा, ड्रम्सला मनाई. तेव्हाही कारण विचारल्यावर उत्तर मिळालं नव्हतं.

रंगभवन बंद केलंत, तर तेवढ्याच स्वस्त भाड्याची दुसरी उघडी जागा का दिली नाहीत? बँड गेले पबमध्ये. महाराष्ट्रात बीअरलाही २१ वर्षांची अट, त्यामुळे सतरा वर्षांचा पोरगा दाराबाहेर. ज्या वयात हे संगीत अंगात भिनतं, नेमकं त्याच वयाला आपण बाहेर उभं केलं.

राहिला मोबाईल. त्यावर गाणं ऐकू येतं, गाणारा आपल्या गावचा आहे हे कळत नाही. रंगभवनाच्या एका कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी, आदल्या रात्री मंचावर पाहिलेला गिटारवादक मला विरार लोकलमध्ये भेटला. दरवाजाशी उभा, गिटार छातीशी धरून, गर्दीत तिला धक्का लागू नये म्हणून पाठ वळवलेली. दादरला तो उतरला. पुढच्याच महिन्यात मी गिटारचा क्लास लावला.